शाळेपासून चार स्टेशनं लांब

परदेशात शिकवायची नोकरी लागली की लोक आधी पगार विचारतात, मग व्हिसा, मग "तिकडे आपली भाजी मिळते का". राहायचं कुठे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच देऊन ठेवलेलं असतं. माझी मावसबहीण येत्या एप्रिलपासून तोक्योत, भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत गणित शिकवायला जातेय. परवा तिचा फोन आला. "दादा, निशिकासाईतच घर बघू ना? सगळे तिथेच राहतात म्हणे." मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. वीस मिनिटं बोललो तरी तिला काही कळलं असेल असं वाटत नाही. आज शनिवार आहे, चहा हाताशी आहे, तर सरळ लिहूनच काढतो.

तर मंडळी, माझी बायको २०१८ ते २०२२ हेच काम करत होती. त्याच भागात, तोच विषय. मी तेव्हा ओतेमाचीत एका क्लायंटकडे होतो. आम्ही निशिकासाईत राहिलो नाही. नदी ओलांडून चार स्टेशनं पुढे, ग्योतोकु नावाच्या गावात राहिलो. का, ते सांगतो.

आधी निशिकासाई. तोक्योच्या पूर्व टोकाला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे, जवळपास सात लाख वस्तीचा. त्यात तोझाई लाइनवरचं हे स्टेशन, १९७९ साली उघडलेलं. २००० साल उजाडताना कॉम्प्युटरच्या तारखांची जी बोंबाबोंब झाली, तेव्हापासून भारतीय इंजिनियर इथे यायला लागले. कारण अगदी साधं होतं. बँका आणि मोठी ऑफिसं असलेली निहोनबाशी, ओतेमाची ही स्टेशनं याच लाइनवर, गाडी बदलायला नको. आणि इथे यू.आर. या सरकारी संस्थेचे मोठमोठे टॉवर आहेत, ज्यांना जामीनदार लागत नाही, दलाली नाही, आणि घरमालकाला 'भेट' म्हणून जे पैसे द्यावे लागतात (त्याला रेइकिन म्हणतात, ते परत मिळत नाहीत) तेही नाहीत. मग पाठोपाठ दुकानं आली, देऊळ आलं, शाळा आल्या. २०१९ मध्ये तर मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडूनही आले. म्हणजे नवख्या माणसाला निशिकासाई सोडून दुसरं काही सुचूच नये अशी सगळी सोय.

आमचा पहिला महिना तिथेच गेला, कंपनीच्या फ्लॅटमध्ये. आणि तो महिना मजेत गेला हो! लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतंय, रविवारी कोणीतरी पोह्यांना बोलावतंय, तूरडाळ पाच मिनिटांवर. मी खूष होतो. बायको मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

झालं असं, की लिफ्टमधली ती मराठी माणसं, पोह्यांना बोलावणारी ती, डाळीच्या दुकानातली ती, सगळी तिच्या विद्यार्थ्यांचे आईबाप होती. सकाळी पावणेआठपासून दुपारी चारपर्यंत ती मॅडम. मग कोथिंबीर घेताना मॅडम. "मॅडम, ह्याचं अपूर्णांकांचं काय करायचं?" कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली की समोरच्या गॅलरीतून, "मॅडम, उद्या टेस्ट आहे का?" लोक वाईट नव्हते. उलट इतके प्रेमळ होते की त्यांना टाळताही येत नव्हतं. पण शिकवणं हा दिवसभर बोलण्याचा धंदा आहे. आमच्यासारखं नाही, की हेडफोन लावला आणि चार तास कोणाशी बोललोच नाही. शाळा सुटल्यावर शिक्षकाला थोडा वेळ कोणीच नसणं लागतं. ते तिला मिळत नव्हतं.

त्यात कळस म्हणजे माझ्याच प्रोजेक्ट मॅनेजरचा मुलगा तिच्या वर्गात निघाला. पहिल्या टेस्टला वीसपैकी नऊ. सोमवारच्या स्टेटस कॉलमध्ये मॅनेजरने माझ्या मॉड्यूलबद्दल दोन वाक्यं विचारली आणि नवाबद्दल दहा मिनिटं. घरी येऊन मी तिला म्हणालो, "जरा बघ ना पेपर परत." ती काही बोलली नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना म्हणाली, "आपण दुसरीकडे घर बघू या." नऊचे नऊच राहिले, हे सांगायला नको :)

घर शोधणं हे तिथे एक वेगळंच प्रकरण असतं. एजंट तुमच्यासमोर घरमालकाला फोन करतो आणि पहिल्याच वाक्यात विचारतो, परदेशी माणसं चालतील का? उत्तर तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये एक सर्वेक्षण जाहीर केलं होतं. घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. आम्हाला चार नकार मिळाले. पुण्यात लग्नाआधी घर शोधताना "बॅचलर नको" ऐकलेलं असल्यामुळे मला फारसं लागलं नाही. बायकोला लागलं. यू.आर.च्या टॉवरमध्ये हे ऐकावं लागत नाही, ही गोष्ट मावसबहिणीने नीट लक्षात ठेवावी.

जाहिराती वाचायची एक युक्ती सांगतो. 'स्टेशनपासून चालत ७ मिनिटं' असं लिहिलेलं असतं तिथे एक मिनिट म्हणजे ८० मीटर धरलेले असतात. त्यात सिग्नलला थांबणं धरत नाहीत. दुसरं, इमारतीचं साल बघायचं. जून १९८१ पासून तिथे भूकंपाचे कडक नियम आले, त्याआधीच्या नियमांवर बांधलेली स्वस्त घरं सोडून द्यायची. तिसरं म्हणजे जलद गाडी कुठे थांबते ते. तोझाईची जलद गाडी उरायासुला थांबते आणि तिथून थेट निशि-फुनाबाशी. मधली स्टेशनं तिच्या दृष्टीने नाहीतच. ग्योतोकु त्या मधल्यांपैकी. म्हणून तिथे निशिकासाईच्याच भाड्यात आम्हाला एक खोली जास्त मिळाली. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. फास्ट कुठे थांबते त्यावर घराची किंमत ठरते, हे आम्ही दुधाबरोबर शिकतो.

ग्योतोकु हे तोक्यो नाहीच, नदीपलीकडचा चिबा प्रांत आहे. पूर्वी इथे मिठागरं होती आणि इथलं मीठ होडीतून कालव्याने एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला जायचं. जुन्या नदीच्या काठावर त्या होड्यांसाठीचा दगडी दिवा अजून उभा आहे. समुद्राच्या बाजूला पाणथळ जागा राखून ठेवली आहे, तिथे पक्षी येतात. बाकी सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच आम्हाला हवं होतं. अगदीच भारतीय नव्हते असं नाही, पण बायकोच्या वर्गातलं कोणी नव्हतं. ती नदीकाठी बाकावर बसून अर्धा तास काहीही करायची नाही. पेपर तपासायची नाही, फोन बघायची नाही. महिन्याभराने घरात तिचा आवाज परत आला.

किंमत काय मोजली? तिच्या शांततेची किंमत बरीचशी माझ्या बरगड्यांनी मोजली. २०१८ च्या सुमारास तोझाई लाइनच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो या एका स्टेशनाच्या पट्ट्यात सकाळची गर्दी १९९ टक्के होती, सगळ्या तोक्योत जास्त. या टक्क्यांची सरकारी व्याख्या वाचण्यासारखी आहे. १८० म्हणजे पेपर घडी घालून वाचता येतो. २०० म्हणजे अंगाला अंग दाबलं जातं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. (आपल्या ८.१४ च्या लोकलला ही फूटपट्टी लावली तर फूटपट्टी मोडेल.) करोनानंतर गर्दी बरीच कमी झाली, पण रिकामी कोणी समजू नये. बायकोची अडचण वेगळी होती. तिला निशिकासाईला उतरायचं असायचं, आणि तिथे उतरणारे दहा, चढणारे दोनशे. दोन आठवड्यांत तिने जुनी सायकल घेतली. उरायासु पुलावरून नदी ओलांडून अर्ध्या तासात शाळा. पावसाळ्यात आणि जानेवारीच्या वाऱ्यात पुलावर रडू येतं म्हणायची, तरी सायकल सोडली नाही.

आणि एक किंमत आम्हाला १२ ऑक्टोबर २०१९ ला कळली. त्या शनिवारी हागिबिस वादळ येणार होतं. गाड्या दुपारीच बंद होणार हे आधी जाहीर झालं होतं. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. त्याच वर्षी वॉर्डाने पुराचा जो नकाशा काढला, त्याच्यावर चक्क इथे थांबू नका अशा अर्थाचं लिहिलं होतं. नदीपलीकडे आमची स्थिती फार उंचावरची होती असं नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. फोन दर थोड्या वेळाने किंचाळायचा, वर जपानी मजकूर, आणि आमचं जपानी दुकानापुरतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंपाचा धक्का बसल्याची बातमी, ती वेगळीच.

त्या वेळी निशिकासाईतल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जपानी येणारे प्रत्येक सूचनेचं भाषांतर टाकत होते. कोणत्या शाळेत निवारा आहे, कोणाकडे लहान बाळ आहे, कोणाकडे वरच्या मजल्यावर जागा आहे. आणि बायकोला फोनवर फोन. "मॅडम, तुम्ही नदीच्या तिकडे एकट्याच का राहता हो? आमचा नववा मजला आहे, टॅक्सी मिळत असेल तर निघून या." नऊ मार्कवाल्या पोराच्या आईचाही आला. ती सगळ्यांना "हो, हो, आम्ही ठीक आहोत" म्हणत होती आणि फोन ठेवला की माझ्याकडे बघत होती. ज्यांच्यापासून लांब आलो तीच माणसं हाक मारत होती, आणि मधे पूल होता. मी त्या रात्री काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आठच्या सुमारास दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या आजी. दीड वर्षात आमचं त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. हातात बॅटरी, सुक्या भाताची पाकिटं, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात शाळेचं नाव आणि नकाशा. बोटाने दाखवलं, पाणी आलं तर इथे. मग बूट काढून आत आल्या आणि आमच्या न्हाणीतला टब स्वतःच पाण्याने भरून ठेवला. पाणी गेलं तर असावं म्हणून. अराकावा नदी फुटली नाही. सकाळी निळं आकाश होतं.

२०२० मध्ये करार नवा करायची वेळ आली. तिथे दर दोन वर्षांनी करतात, आणि आमच्या करारात त्यासाठी एक महिन्याचं भाडं जादा द्यायचं होतं. आम्ही दोन्ही बाजूंनी खूप बोललो. ती म्हणाली, राहू इथेच, पण रविवारी निशिकासाईला जायचं. पोह्यांना बोलावलं की हो म्हणायचं, त्या दोन तासांत कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि पूल ओलांडून परत यायचं. मला हे पटलं. घराजवळची माणसं आणि कामाजवळची माणसं वेगळी असली तरी दोन्ही लागतात, पण एकाच लिफ्टमध्ये नको.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. घराच्या भिंती पातळ. बायको रोज सकाळी लॅपटॉपसमोर लघुत्तम साधारण विभाज्य ओरडून शिकवायची. चौथ्या दिवशी आजी जिन्यात भेटल्या, एकदम ताठ उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "सेन्सेई!" तेव्हापासून आम्ही परत येईपर्यंत त्या गल्लीतल्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी ती सेन्सेई. पण अपूर्णांकांबद्दल कोणी काही विचारलं नाही, एवढं खरं.

असो. तायडे, तू एकटी जातेयस, आम्ही दोघं होतो, हा फरक आहेच. पहिले सहा महिने यू.आर.चा टॉवर घेतलास तरी माझं काही म्हणणं नाही. दुसरीकडे बघायचं ठरवलंस तर कामाच्या दिवशी रात्री नऊला स्टेशनवर उतर आणि घरापर्यंत चालून बघ, रविवारी दुपारी नाही. आणि शोध फेब्रुवारीतच सुरू कर. मार्चमध्ये अख्खा जपान घर बदलतो, सामानाचा टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर भाव ऐकवत नाही.