‘मानवी चूक’ म्हणण्यापूर्वी

अपघात घडला की ‘मानवी चूक’ हे दोन शब्द फार लवकर उच्चारले जातात. ते उच्चारले की चौकशी संपते, एखाद्या कामगारावर ठपका येतो आणि बाकीचे निर्धास्त होतात. या शब्दांविषयी आमच्या मनात संशय निर्माण झाला, तो इंग्लंडमधील एका खटल्याचा वृत्तान्त वाचताना.

ऑल्टन टॉवर्स या उद्यानातील ‘स्माइलर’ हा रोलर कोस्टर प्रवाशांना १४ वेळा उलटे करतो. लोकलच्या सिग्नलव्यवस्थेप्रमाणे त्याचा मार्ग टप्प्यांत विभागलेला आहे. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर संगणक मागची गाडी रोखून धरतो. २ जून २०१५ रोजी त्याने नेमके हेच केले. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी खोलगट भागात अडकली होती, म्हणून १६ प्रवाशांची गाडी त्याने चढावर थांबवली. मात्र त्या दिवशी रुळावर पाचवी गाडी आणल्याचे तंत्रज्ञांना ठाऊक नव्हते. इशारा खोटा समजून त्यांनी तो बाजूस सारला व गाडी सोडली. सोळाही जण जखमी झाले. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला.

अंतर्गत चौकशीअंती कंपनीने ‘मानवी चूक’ असा निष्कर्ष काढला होता. न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीलाच ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला. यंत्रात दोष नव्हता. असा इशारा आला असता कोणी काय पाहावे, कोणास विचारावे, याची घडी नीट घालून दिलेली नव्हती.

लहानपणी सणाच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसताना, दांडा अडकवणाऱ्या माणसाच्या हाताकडे आम्ही टक लावून पाहत असू. शंभर वेळा त्याने तो नीट अडकवला. पुढच्या वेळी लक्ष चुकले तर? मनुष्य थकतो, घाईत असतो, रांगेतील आरडाओरड्याने भांबावतो. हे त्याचे पाप नव्हे, स्वभाव आहे. आराखडा करणाऱ्याने हा स्वभाव गृहीत धरावा, हेच मानवी घटकांच्या अभियांत्रिकीचे सूत्र होय. म्हणून चांगल्या रचनेत दांडा बसल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. परंतु इशारे वारंवार खोटे ठरले तर ‘लांडगा आला रे’ची गत होते, तेव्हा यंत्राने आपण का थांबलो तेही दाखवावे, आणि ते पुन्हा सोडताना दुसऱ्या डोळ्यांची साक्ष लागावी.

दोष कोणाचा, हा प्रश्न आम्हांस टाळावयाचा नाही. तो कामगारापाशी न थांबता वरच्या मजल्यापर्यंत गेला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. पाळण्यात लेकरू बसवणारा बाप एका अनोळखी माणसावर विश्वास टाकीत असतो. त्या माणसाला एकटे न सोडणे, ही त्या विश्वासाची किंमत आहे.