कर्ण, द्रौपदी आणि आमची पोथी

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
श्रावण वद्य पंचमी

जिवलग मैत्रिणीस,


तुझं पत्र मिळालं. इकडं सगळे खुशाल. पाऊस वेळेवर झाला, हळद गुडघ्याला लागली, केळीचे बाग हिरवेगार आहेत आणि मारुतीच्या देवळात पांडवप्रताप लागलाय. त्यामुळं तुझ्या लेकीचा प्रश्न अगदी नेमक्या दिवसांत माझ्याकडं पोचला.

रोज रात्री तू तिला 'मृत्युंजय' कादंबरी वाचून दाखवलीस, कर्णासाठी ती रडली आणि मग कुणाकडून तरी तिनं ऐकलं की याच कर्णानं भर सभेत द्रौपदीला नको नको ते म्हटलं होतं. आता ती विचारते, कर्ण चांगला की वाईट? तू लिहितेस, 'दोन्ही' असं सांगून वेळ मारून नेली, पण तिचं समाधान झालं नाही. कसं होईल गं? ते उत्तर खोटं नाही, पण त्यातून काही हाती लागत नाही. पोरीनं मनापासून विचारलंय, तर आपणही नीट उत्तर शोधू या.

आधी इथली गोष्ट सांगते. आमच्याकडची पोथी म्हणजे श्रीधरांचा पांडवप्रताप, १७१२ सालचा, ६४ अध्यायांचा. एकजण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत, वरचं शिक्षणही उर्दूत. तेव्हा इथल्या माणसांना मोठं मराठी वाङ्मय भेटलं ते देवळात, पोथीतून आणि कीर्तनातून. अक्षरओळख नसलेल्या बायांनी भीष्म, कुंती, गांधारी ही माणसं वर्षानुवर्षं अशी ऐकली की ती त्यांना सोयऱ्याधायऱ्यांइतकी ठाऊक झाली. आणि पोथीची खरी चर्चा देवळात होत नाही बरं. ती दुसऱ्या दिवशी हळदीत खुरपताना होते.

परवा द्यूताचा अध्याय झाला. सकाळी पातीवर बसल्या बसल्या एक म्हातारी म्हणाली, "आधी सोताला हरला ना धर्मराज? मंग बायकोवर त्याचा हक्क कुठला राह्यला?" दुसरी लगेच म्हणाली, "आन् एवढे जाणते बसले व्हते, एकाच्याबी तोंडातून शबुद फुटला नाही का?" त्या दोघींनी सभापर्वाच्या गाभ्यालाच हात घातला होता. द्रौपदीला बोलवायला दुर्योधनाचा निरोप्या प्रातिकामी आला, तेव्हा तिनं त्याला हाच प्रश्न देऊन परत पाठवलं होतं: धर्मराजाला विचार, तू आधी कुणाला हरलास, स्वतःला की मला? ती रजस्वला, एकवस्त्रा. दुःशासनानं केसांना धरून तिला सभेत ओढत आणलं, तरीही तिनं प्रश्न सोडला नाही. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निवाडा करता येत नाही. विदुरानं प्रल्हादाची कथा सांगून सभेला बजावलं की विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं हेच पाप आहे. तिची बाजू उघडपणे घेतली ती कौरवांतल्याच एका धाकट्यानं, विकर्णानं.

इथं मला इरावती कर्वे आठवतात. त्यांचं 'युगान्त' १९६७ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या माणसांवरचे लेख, आणि प्रत्येकाला माणूस म्हणूनच पाहायचं, देव म्हणून ओवाळायचं नाही की राक्षस म्हणून झोडपायचं नाही, ही त्यांची रीत. ते पुस्तक मी जीव लावून वाचलंय. पण द्रौपदीबद्दल त्या म्हणतात की तो प्रश्न विचारणं ही तिची फार मोठी चूक होती. वडीलधाऱ्यांच्या सभेत तिनं पांडित्य दाखवायला नको होतं, दीनपणे दयेची याचना करायला हवी होती, कारण प्रश्नामुळं धर्मराजाची जास्तच नाचक्की झाली. एवढ्या मोठ्या विदुषीपुढं मान लववूनही मला हे पटत नाही.

का, ते सांगते. दया मागण्यासाठी समोरच्याचा आपल्यावर हक्क आहे हे आधी कबूल करावं लागतं. द्रौपदी नेमकं तेच कबूल करत नव्हती. तिच्याजवळ ना शस्त्र होतं, ना माहेरचं कुणी जवळ होतं, ना नवऱ्यांचा आधार उरला होता. तिच्या हाती उरला होता तो एक मुद्दा, आणि तो इतका पक्का होता की सगळ्या सभेला मिळूनही तो खोडता आला नाही. शेवटी धृतराष्ट्र घाबरून वर देऊ लागला, तेव्हाही तिचं भान बघ. पहिल्या वरानं तिनं धर्मराजाला सोडवलं, दुसऱ्यानं उरलेल्या चौघांना रथ-शस्त्रांसकट. तिसरा वर ती घेत नाही. लोभानं धर्म जातो म्हणते, माझे नवरे मोकळे झाले, पुढचं ते आपल्या कर्तृत्वानं मिळवतील म्हणते. सगळं गमावलेली बाई मागणं कुठं थांबवायचं ते स्वतः ठरवते. याहून मोठं मन मला त्या सभेत दुसऱ्या कुणाचं दिसत नाही.

आता कर्ण. तुझ्या लेकीनं ऐकलं ते खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. विकर्ण द्रौपदीच्या बाजूनं बोलला तेव्हा त्याला गप्प करणारा कर्णच. पाच नवऱ्यांची म्हणून तिला कुलटा ठरवणारा कर्णच. पांडवांची आणि तिची वस्त्रं उतरवा, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. पण त्याच सभेत, ती नवऱ्यांना सोडवून उभी राहिली तेव्हा, कोणत्याही स्त्रीचं असं कर्तृत्व आपण आजवर ऐकलं नाही, बुडत्या पांडवांची ती नाव झाली, असं म्हणणाराही तोच आहे. त्यात पांडवांना टोमणा आहेच. बायकोनं तारलं म्हणून भीम चिडतोही. तरी एवढ्या गदारोळात तिनं काय केलं ते ओळखणारा आणि बोलून दाखवणारा तो एकटा होता.

आणि पुढं उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन एकांतात त्याच्या जन्माचं सांगतो, तू कुंतीचाच थोरला लेक म्हणून राज्य देऊ करतो. तेव्हा कर्ण कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्याचा मला आता पस्तावा होतो. राज्य मात्र तो घेत नाही. उलट कृष्णाला विनवतो की हे धर्मराजाला कळू देऊ नकोस, नाहीतर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन बसेन.

म्हणून मला वाटतं, लेकीला आपण थोडा निराळा प्रश्न शिकवावा. त्या घडीला या माणसाला काय ठाऊक होतं? आणि त्याच्यापुढं दुसरी कोणती वाट मोकळी होती? भरल्या रंगभूमीवर भीमानं त्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं, चाबूक धर म्हणाला, तेव्हा त्याच्यापुढं वाटा कमी होत्या. अंगदेशाचं राज्य देऊन मान राखणाऱ्या दुर्योधनाचा हात त्यानं धरला, तर आपण समजू शकतो. द्यूतसभेत मात्र वाट मोकळी होती. निदान गप्प राहता आलं असतं. विकर्ण तर दुर्योधनाचा सख्खा भाऊ, तरी बोलला. म्हणून सभेतला कर्ण दोषी, आणि त्याचं सगळं दुःख मोजूनही दोषी. कृष्णाच्या रथात राज्याची वाट उघडी असताना तो ती नाकारतो, म्हणून तिथला कर्ण मोठा. एकाच माणसाचे हे दोन दिवस आहेत. एकानं दुसरा पुसला जात नाही.

'मृत्युंजय'बद्दल तिला एक दाखव. शिवाजी सावंतांनी १९६७ साली ती लिहिली तेव्हा कथा एकाच तोंडी ठेवली नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, सगळे आपापली बाजू मांडतात. वृषाली बायको, शोण भाऊ. प्रेमाच्या माणसांनी सांगितलेला कर्ण जास्त उजळ दिसणारच. हे कादंबरीचं वैगुण्य म्हणायचं नाही, ती त्या कादंबरीनं निवडलेली जागा आहे. मात्र वाचणाऱ्यानं दर पानाला विचारावं, आत्ता कोण बोलतंय आणि त्याचा या माणसाशी काय ऋणानुबंध आहे?

याचं मला फार आवडणारं उदाहरण सांगते. इकडं जो तो म्हणतो, द्रौपदी हसली म्हणून महाभारत झालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९६६ साली ते काम पुरं झालं. तिच्यात मयसभेचा प्रसंग बघ. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि चाकरमाणसं. आंधळ्याचा पोरगा आंधळा, असं कुणी म्हणतच नाही. द्रौपदी हसली हे येतं ते नंतर, हस्तिनापुरात बापाला गाऱ्हाणं सांगताना, दुर्योधनाच्या तोंडून. ती खरंच हसली असेल, नसेलही. पण अपमान आठवताना त्याच्या डोळ्यांपुढं बाईचं हसू येतं, यावरून दुर्योधन केवढा कळतो! आणि त्या एका साक्षीवर आपण पिढ्यान् पिढ्या युद्धाचा बोल द्रौपदीला लावत आलो. हे खुरपणाऱ्या बायांना सांगितलं तर एक सून हात थांबवून म्हणाली, "मंजी भांडन गड्यायचं आन् नाव बाईचं!" मला वाटतं, जुनं वाङ्मय नीट वाचायचं ते यासाठी. नाहीतर कुणाच्या माथी काय मारलंय ते कळणारच नाही.

आता तू असं कर. लेकीला मूळ सभापर्वाचं चांगलं मराठी भाषांतर वाचून दाखव. मग 'युगान्त'मधला द्रौपदीवरचा लेख वाच आणि माझं म्हणणंही तिच्यापुढं ठेव. इरावतीबाईंशी मी भांडते, तशी तिनं माझ्याशी खुशाल भांडावं. जमलं तर दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' मागवून घे. ते 'युगान्त'च्या पाच वर्षं आधीचं, १९६२ सालचं, आणि तीच माणसं अगदी वेगळ्या डोळ्यांनी पाहणारं आहे. आणि आपल्या मराठवाड्याचा मुक्तेश्वर विसरू नकोस, एकनाथांच्या लेकीचा लेक. त्याचं सभापर्व जुन्या मराठीतलं आहे, तिला अवघड जाईल, पण चार ओव्या मोठ्यानं म्हणून दाखव. नादावरूनच तिला सभा दिसेल.

पुढच्या पत्रात मला कुंतीबद्दल लिहायचंय. रंगभूमीवर कर्ण आणि अर्जुन हे आपले दोन्ही लेक समोरासमोर उभे ठाकलेले पाहून ती मूर्च्छित पडली आणि शुद्धीवर आल्यावरही बोलली नाही. तेव्हा तिच्यापुढं कोणती वाट मोकळी होती, हे लेकीलाच आधी विचार आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव. तिचं उत्तर मी इथं बायांना वाचून दाखवीन, त्यांचं तुला लिहीन.

घरच्यांना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझीच,
डोंगरकड्याची मैत्रीण