ओळखीचा हात

धार काढणं म्हणजे मनगटाचं काम, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. मनगट भरून येतं हे खरं, पण ते सरावतं. जनावराने पान्हाच चोरला तर मनगट काय करणार?

सांगोल्याकडे माळावरच्या आमच्या वस्तीत एक खिल्लार गाय, दोन पंढरपुरी म्हशी, चार-सहा उस्मानाबादी शेळ्या, कोंबड्या आणि कुणीही न आणता आपणहून राहिलेलं एक कुत्रं असा संसार होता. खिल्लार गाय पाळायची ती खोंडांसाठी. वासराचं पोट भरून उरेल तेवढंच दूध घरात यायचं. आमची हरणी तर आईशिवाय कुणाला कासेखाली बसूच देत नसे. अण्णा दावणीजवळ आले तरी तिची शिंगं खाली जायची, आणि अण्णा मुकाट्याने वैरणीच्या कामाला लागायचे.

मी शिकलो म्हशींवर. पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात. माशी हाकलायला तिने मान वळवली की आपलं डोकं सांभाळायचं, हा पहिला धडा. पण स्वभावाने ही जात समजूतदार. कोल्हापुरात गवळी याच म्हशी रस्त्यावर कट्ट्याशी आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात. गाड्यांच्या गोंगाटात त्या दूध सोडतात आणि फेसाळ पेला उभ्या उभ्या संपतो. आमच्या थोरलीला गोंगाटाचं काही नव्हतं, भिजवलेल्या सरकी पेंडेची पाटी मात्र आधी पुढ्यात हवी.

मग रेडकू सोडायचं. चारही सडांना त्याचं तोंड लागलं, तोंडाला फेस आला, सड टरारले, की त्याला ओढून म्हशीच्या तोंडापुढे बांधायचं. कास कोमट पाण्याने धुवायची. पहिल्या दोन धारा वेगळ्या काढून बघायच्या. गुठळी दिसली तर दगडीची सुरुवात समजायची. त्यानंतर अंगठा आणि तर्जनीने सड वर आवळून बाकीची बोटं एकेक करून मिटायची. अंगठा मुडपून दाबणारे पुष्कळ, पण त्याने सडाला इजा होते. आणि वेळ थोडा. पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. तेवढ्यात चरवी भरली तर भरली. आई मात्र म्हणायची, “हात चालव, पण तिला घाई करू नगंस.” या दोन गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या, हे कासेखाली बसल्याशिवाय कळत नाही.

घरात वाद व्हायचा तो शेवटच्या धारांवरून. डेअरीत दर फॅटवर, आणि सगळ्यात जास्त स्निग्धांश त्या शेवटच्या धारांतच असतो. अण्णांना कास निपटून हवी, आई एक सड रेडकासाठी राखायची. पुढे दुग्धशास्त्र शिकलो तेव्हा अण्णांचं गणित पुस्तकात सापडलं. पण रेडकू कास जितकी रिकामी करतं तितकी हाताला जमत नाही, आणि राखलेलं रेडकू पान्ह्याला उपयोगी पडतं. दर थोडा पडला तरी मी आईच्या बाजूचा. एकदा धाकटीचं रेडकू मेलं. पेंढा भरून पुढे ठेवायचा सल्ला मिळाला, कुणी इंजेक्शन सुचवलं. आईने दोन्ही टाळलं. पेंड पुढ्यात ठेवून ती नुसती कास चोळत बसायची. दूध निम्म्यावर आलं, पण म्हैस आटली नाही.

शेळीला दोनच सड. ती उभी राहील तोवर मागून बसून चहापुरतं काढायचं. पाय भांड्यात पडला की धार संपली. कोंबड्यांकडून दुधाचं काही शिकण्यासारखं नव्हतं. पण हरणी रवंथ करत बसली की त्या तिच्या अंगावरच्या गोचिड्या टिपायच्या, आणि अण्णांना जवळ येऊ न देणारी हरणी पापणीही हलवायची नाही!

आता माझ्याकडे संकरित गाई आहेत. वासरं पहिल्या दिवसापासून वेगळी. यंत्राची घरघर ऐकली की गाई पान्हवतात, तिथे वासराचं काम पडत नाही. पुतण्या यंत्र चांगलं चालवतो. एक तांबडी मात्र मागचा उजवा सड शेवटी घेतला नाही तर लाथ झाडते. यंत्र चारही सडांना एकदमच लागतं, म्हणून तिची धार अजून हाताने निघते. परवा पुतण्याने विचारलं, अंगठा बाहेर ठेवायचा की आत?