तिसरी पायरी

घरातील सर्व वस्तूंत जिना हीच एक वस्तू अशी आहे की, जी कोणत्याही एका मजल्याची नव्हे. खालून पाहिला तर तो माडीचा वाटतो आणि वरून पाहिला तर माजघराचा. राहणाराचे ह्यावाचून काही अडत नाही. अडते ते नकाशा काढणाराचे. कारण नकाशा म्हणजे घराचा आडवा छेद. जमिनीपासून सुमारे चार फुटांवर सारे घर एका मोठ्या सुरीने कापले आहे असे कल्पून, वरून जे दिसेल ते कागदावर मांडावयाचे, असा त्या शास्त्राचा संकेत आहे. ह्या सुरीखाली भिंती, दारे, खिडक्या निमूटपणे कापल्या जातात. जिना मात्र अर्धा सुरीखाली व अर्धा सुरीच्या वर राहतो. म्हणून त्याच्या मध्यावर एक तिरकी मोडलेली रेघ ओढून पुढचा भाग वरच्या नकाशावर सोपवावा लागतो, आणि कोणीकडून चढावयाचे हे बाणाने सांगावे लागते. भिंतीस बाण लागत नाही, जिन्यास लागतो.

पेन्सिलीची ह्याबद्दल कधी तक्रार नव्हती. संगणकावर रेखाटन करण्यासाठी १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले, त्याचीही फारशी नव्हती. त्याच्या लेखी जिना म्हणजे जवळजवळ ओढलेल्या चौदा रेघा. त्या जिन्याच्या आहेत की फणीच्या, ह्याची त्यास चौकशी नसे. परंतु २००० साली रेव्हिट नावाची प्रणाली आली आणि तिच्या जातीच्या इतरही प्रणाली रूढ झाल्या. ह्यांचे ब्रीद निराळे. ह्यांना नुसती रेघ नको असते. ही भिंत, हे दार, हा जिना, असे त्यांना कळावे लागते. भिंत हलविली की तिच्यातले दार तिच्याबरोबर जाते. मजल्याची उंची वाढविली की जिना पुन्हा मोजला जातो. ही सोय मोठी खरी. तथापि ज्याला जिना म्हणजे काय हे ठाऊक असते, तो जिना म्हणजे काय नव्हे हेही सांगू लागतो, ह्याचा प्रत्यय आम्हांस नुकताच आला.

वाईचे आमचे वडिलार्जित घर येत्या उन्हाळ्यात उतरवावयाचे ठरले आहे. तुळया वाळवीने पोखरल्या आहेत आणि आमच्या मातोश्रींना, वयाची ऐंशी उलटल्यापासून, माडी चढवत नाही. आमचा भाचा वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षास आहे. आजोळचे घर जाणार म्हणताच त्याने ते पाडण्यापूर्वी दगड न् दगड मोजून संगणकात उतरविण्याचा निश्चय केला. टेपाचे दुसरे टोक धरण्याचे काम आमच्याकडे आले. सोपा, माजघर, देवघर, माडी ही चार दिवसांत उतरली. जिन्यास मात्र त्याहून अधिक दिवस लागले.

हा जिना दोन भिंतींमधल्या बोळकंडीत आहे. खालच्या तीन पायऱ्या दगडी. त्या वळणावर असल्यामुळे एका अंगास रुंद व दुसऱ्या अंगास निमुळत्या होत जवळजवळ शून्यास पोचतात. वरच्या पायऱ्या लाकडी. कठडा नाही, वरून एक जाड दोर सोडलेला आहे, त्याला धरून चढावयाचे. एकूण पायऱ्या चौदा, आणि माजघरापासून माडीपर्यंतची चढ ३१५० मिलिमीटर.

भाच्याच्या प्रणालीत आधुनिक नियम भरून ठेवलेले होते. राहत्या घराच्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरांहून उंच आणि २५० हून अरुंद नसावी, असे आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचे सांगणे आहे. त्या नियमाने यंत्राने आमच्या चौदा पायऱ्यांच्या सतरा केल्या. प्रत्येकीस पुरेशी रुंदी दिल्यावर जिन्याची लांबी चार मीटर झाली, आणि तो भिंत भेदून थेट देवघरात शिरला. "मामा, ह्याला आपला जिनाच मान्य नाही," असे भाचा म्हणाला. मग त्याने नियमाची मर्यादा शिथिल केली. यंत्राने थोडी कुरकूर करून चौदा पायऱ्या दिल्या. पण साऱ्या २२५ मिलिमीटरांच्या, एकीसारखी दुसरी.

आता आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकीसारखी दुसरी नाहीत. पहिली १८० आहे, तिसरी २७०, आणि शेवटची अवघी १६०. यंत्राच्या व्याकरणात मात्र एका जिन्यास पायरीची उंची एकच. एकूण चढ भागिले पायऱ्यांची संख्या; येईल ते उत्तर सर्वांस सारखे. मजल्याची उंची बदलता येते, संख्या बदलता येते. परंतु तिसऱ्या पायरीस तिच्या शेजारणीहून उंच होण्याची परवानगी नाही.

ह्यात यंत्राचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. ही समता त्याने स्वतः शोधलेली नाही. ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाने १६७५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जिन्याचे गणित मनुष्याच्या पावलावरून बसविले. सपाटीवर चालताना पाऊल साधारण दोन फुटांचे पडते. चढताना उंचीचा एक इंच सपाटीच्या दोन इंचांइतका भारी होतो. म्हणून पायरीची दुप्पट उंची आणि तिची रुंदी मिळून एक पाऊल व्हावे. आजही ही बेरीज ६०० ते ६५० मिलिमीटरांच्या आसपास ठेवतात. गंमत अशी की, आमच्या जिन्याच्या पायऱ्या सुमारे २०० मिलिमीटर रुंद असल्यामुळे सरासरीने हिशेब केला तर उत्तर बरोबर ६५० येते. आमच्या गवंड्याने ब्लोंदेल वाचला नव्हता आणि ब्लोंदेलने असला उभा जिना चढण्याचे धाडस केले नसते. पण सूत्रापुरते दोघांचे जुळते. सरासरी ही अशी समजूतदार असते. पडणारा मनुष्य मात्र सरासरीवर पडत नाही. तो एका विशिष्ट पायरीवर पडतो. दोन-तीन पायऱ्या चढताच पाय पुढच्या पायरीची उंची गृहीत धरतो, आणि एखादी जरी उणीअधिक असली तरी ठेचाळतो. समान पायरीचा नियम ह्या गृहीताचे रक्षण करितो.

सरळ मार्ग बंद झाला म्हणजे आडवाटा शोधाव्या लागतात, आणि त्या भाच्यास ठाऊक होत्या. पहिली अशी की, प्रत्येक पायरी जिना म्हणून न काढता एक लहानशी जमीन म्हणून काढावयाची; मग ती कितीही उंचीवर ठेवली तरी यंत्र हरकत घेत नाही. दुसरी अशी की, हवा तो आकार हाताने घडवून त्यावर 'जिना' अशी चिठ्ठी लावावयाची. परंतु ह्या वाटांना दस्तुरी आहे. लहान लहान जमिनींची चढण चित्रात हुबेहूब दिसते. पण घरात जिने किती असे यंत्रास विचारले तर ते एकही नाही म्हणते. चिठ्ठी लावलेला आकार जिन्यांच्या यादीत येतो. परंतु तुला पायऱ्या किती, असे विचारता मौन धरितो. यंत्रास कळणारा जिना खोटा, आणि खरा जिना यंत्रास कळत नाही. आणि दोराचे काय करावे, हे तर त्याच्या कठड्यांच्या साऱ्या संग्रहात कोठेच सापडले नाही.

भाच्याने पहिली वाट धरली. प्रत्येक पायरी वेगळी, तेव्हा प्रत्येकीची उंची, रुंदी, झीज वेगळी मोजावी लागली. आणि प्रत्येक दगड कशावर टेकला आहे हेही पाहावे लागले. तेव्हा तिसऱ्या पायरीचे रहस्य उलगडले. जिन्याखाली धान्याचे बळद आहे. त्याचे तोंड सुमारे दीड फूट उंचीचे. त्या तोंडावर बसविलेली शिळा, तीच आमची तिसरी पायरी. बळदासाठी शिळेची उंची आधी ठरली, तिच्याखाली हाती लागले ते दोन दगड बसले, आणि जो फरक उरला तो तिसरीने सोसला. वर चढत जाऊन माडीशी जे उणे पडले ते शेवटच्या पायरीच्या वाट्यास आले. जन्मभर ज्यास आम्ही गवंड्याची हयगय समजत होतो, ती वास्तविक घराची निकड होती. आधी धान्याची सोय, मग पायांची. यंत्राने आमचा जिना सुखासुखी मान्य केला असता, तर हे आम्हांस कधीच कळले नसते.

भाच्याने हा शोध आजीस सांगितला. तिला त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. "अरे, बळदाचाच धोंडा तो. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी पहिले सांगितले, तिसरी पायरी सांभाळ. मग पुढे दिवा घेऊन कधी चढले नाही." आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यास पाण्याच्या तांब्याबरोबर हे वाक्य मिळत असे, आणि ज्यास ते सांगावे लागेनासे झाले तो घरचा झाला असे समजत. आम्हां भावंडांपैकी कोणी तिथे अडखळल्याचे आठवत नाही. पाहुणे मात्र सांगूनही अडखळत.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, यंत्राचा नियम आणि आमचा जिना ह्यांचे भांडण खऱ्या-खोट्याचे नाही. समान पायरी ही परक्यासाठी आहे. ज्यास कोणी सावध करणार नाही, अशा अनोळखी पावलाची काळजी तिने आगाऊ घेतलेली असते. म्हणून शाळा, रुग्णालय, स्टेशन येथे तीच हवी. आमच्या नव्या घरातही तीच हवी. तेथे तीन मीटर चढण्यास १५० मिलिमीटरांच्या वीस सारख्या पायऱ्या आम्ही मागून घेतल्या आहेत, आणि तो जिना यंत्राने एका क्षणात, कुरकूर न करता, काढून दिला. असमान पायरी परक्यास पाडते आणि घरच्यास ओळखते. तिचे ज्ञान मात्र नकाशात नसते. ते सासूकडून सुनेकडे, तोंडातून कानात जाते, आणि घर पडले की त्यास राहावयास जागा उरत नाही.

भाच्याने अखेर दोन्ही जिने ठेविले आहेत. एक यंत्रास कळणारा, चौदा समान पायऱ्यांचा, हिशेबापुरता. आणि दुसरा चौदा लहान जमिनींचा, मापापुरता. ह्या जमिनींना यंत्राने आपले अनुक्रमांक दिले होते. ते त्याने पुसून पहिली, दुसरी अशी नावे दिली. आणि तिसरीपुढे, शेऱ्यासाठी असलेल्या रकान्यात, आजीचे वाक्य लिहून ठेविले.