मोटार जळाली तेव्हा

मार्च उजाडला की आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयातला फोन थांबत नाही. ‘ऐंशी-जीची पावती मिळेल ना?’ हा त्यातला ठरलेला प्रश्न; ती दाखवली की प्राप्तिकरात वजावट मिळते. हल्ली तो जरा कमी झालाय. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात अशा देणगीला वजावट नाही. तरी जुने देणगीदार पैसे पाठवतात. हिशेबाच्या टेबलावर बसत असल्यामुळे त्याचं कारण मला रोज समोर दिसतं.

ते कारण म्हणजे ताई. बँकेतून निवृत्त, मानधन घेत नाहीत. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, एका पानावर एक देणगीदार. रक्कम कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. बाकी पानावर भलत्याच नोंदी: ‘गुडघ्याचं ऑपरेशन, कार्यक्रम तळमजल्यावर असेल तरच बोलवावं.’ ‘वडिलांच्या तिथीला देतात, आधी आठवण करू नये.’ ‘नाव छापलेलं आवडत नाही.’ वही संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी विचारलं, हे सगळं कुठल्या रकान्यात टाकू? ताई म्हणाल्या, “रकाना वाढव.”

एका उन्हाळ्यात बोअरची मोटार जळाली. खात्यात पैसे होते, पण एका निवृत्त शिक्षकांनी खास पुस्तकांसाठी दिलेले. तात्पुरते वळवू, नंतर भरून काढू, असं कार्यकारिणीत कुणीतरी सुचवलं. काही संस्थांत हे चालतं. ताईंनी मात्र बैठकीतूनच फोन लावला. “सर, मोटार जळालीय. तुमच्या पैशांना हात लावलेला नाही. वापरू का, एवढंच विचारते.” पलीकडून उत्तर आलं, “पोरं आंघोळ काय पुस्तकांनी करणार?”

तरी ताईंनी त्यांची लेखी संमती मागवली, आणि मोटार बसल्यावर बिलाची झेरॉक्स पोस्टाने पाठवली. पुस्तकांचे पैसे सरांनी पुढे आपणहून वेगळे दिले.

कंपन्यांचं निराळं. २०१३च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यांना फोटो आणि अहवाल वेळेत हवा असतो. पण तिथला अधिकारी बदलला की ओळख पुन्हा पहिल्यापासून.

निधीवरच्या कार्यशाळांत महर्षी कर्व्यांचं उदाहरण हमखास निघतं: १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला दिलेले १५ लाख. त्या रकमेचं वर्षाचं व्याज ५२,५०० रुपये. ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारतात आणि प्रत्येक जण आपापला ठाकरसी शोधायला निघतो. त्याआधी १८९६ पासून कर्वे विधवांच्या आश्रमासाठी लहान लहान रकमा गोळा करत हिंडत होते, ही बाजू सांगायला मात्र वक्त्यांना वेळ उरत नाही.

मे महिन्यात देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याकडे भरावी लागते. ज्यांचा पॅन नसतो त्यांना फोन करायचे. ताई तेव्हा पैशाचा विषयच काढत नाहीत. कोणता मुलगा पॉलिटेक्निकला लागला, मोटार कशी चाललीय, हे सांगत बसतात. मी शेजारी पेन उघडून तयार. बऱ्याचदा पॅन विचारायचाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा फोन लावावा लागतो.