तळघराला गुण

शेफिल्डच्या पबांविषयी लिहायचं तर सुरुवात तळघरापासून करावी, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. वर काउंटरवर हँडपंपांची रांग असते, भिंतीवर जुन्या ब्रुअरींच्या पाट्या असतात, शेगडीत कोळसा धगधगत असतो. माणूस तिथंच भुलतो. पण पबची परीक्षा होते ती पायांखाली.

कास्क एल ही जिवंत बीअर. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हाही आत यीस्टचं काम चालूच असतं. नऊ गॅलनांचं, म्हणजे ७२ पिंटांचं ते पिंप तळघरात आडवं ठेवायचं आणि वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची. जादा वायू त्या खुंटीतून हळूहळू निघून जातो. फसफस थांबली की तिच्या जागी कडक लाकडाची खुंटी बसवायची. गाळ तळाशी बसेपर्यंत पिंपाला धक्कासुद्धा लागता कामा नये. तळघराची हवा साधारण बारा अंशांवर राखायची. विक्री सुरू झाली की दोन-तीन दिवसांत पिंप रिकामं व्हायला हवं, नाहीतर बीअर उतरते, आंबटते. दुधाला विरजण लावणाऱ्या हाताला हवेचा अंदाज लागतो, तसाच तळघर सांभाळणाऱ्याच्या हाताला. तो अंदाज कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो. तो थेट ग्लासात उतरतो.

म्हणूनच 'कॅम्रा'ची गुणांची पद्धत मला मनापासून पटते. मोठ्या कंपन्यांच्या निर्जीव, वायू भरलेल्या बीअरविरुद्ध १९७१ साली उभी राहिलेली ही ग्राहकांची चळवळ. तिचे सभासद पबमध्ये जातात, पितात आणि शून्य ते पाच या पट्टीवर गुण देतात. ते गुण फक्त बीअर कशी राखली आहे याचे. सोफ्यांना, दिव्यांना त्यात जागा नाही. चळवळीची 'गुड बीअर गाइड' दरवर्षी याच गुणांच्या आधारावर उभी राहते. बीअर आपल्या आवडीची नसली तरी उत्तम राखलेली असेल तर तिला चार द्यायचे, ही शिस्त सोपी नाही. आवड बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मेहनतीकडे बघावं लागतं.

शेफिल्डमधला केलम आयलंड हा भाग अशा जिवंत बीअरच्या इतिहासात फार मोलाचा. डॉन नदीतून गिरणीसाठी काढलेला पाट आणि नदी यांच्यामधली ही जमीन. इथं पोलाद ओतलं जायचं, आणि भट्टीपाशी घाम गाळणाऱ्यांची तहान भागवायला कोपऱ्याकोपऱ्यावर पब होते. १९८१ साली पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या डेव्ह विकेट यांनी इथला 'अल्मा' हा पब घेतला आणि 'फॅट कॅट' नावानं सुरू केला. बहुतेक पब तेव्हा बड्या ब्रुअरींच्या ताब्यात. मालक देईल तीच बीअर. विकेट यांनी मात्र बाहेरच्या छोट्या ब्रुअरींना दार उघडलं. १९९० मध्ये पबच्याच आवारात त्यांनी स्वतःची केलम आयलंड ब्रुअरी काढली. पुढे १९९९ साली स्टोन्स आणि वॉर्ड्स या शहरातल्या दोन जुन्या ब्रुअरींना टाळं लागलं. गावाची म्हणावी अशी बीअर संपली, असं वाटण्याचे ते दिवस. पण २००४ मध्ये केलम आयलंड ब्रुअरीची 'पेल रायडर' ब्रिटनची सर्वोत्तम बीअर ठरली. विकेट २०१२ साली गेले. २०२२ मध्ये ब्रुअरी बंद पडायची वेळ आली, तेव्हा डर्बीशरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीनं पुढं होऊन 'पेल रायडर' वाचवली.

'फॅट कॅट'मध्ये आजही गाणी वाजत नाहीत. त्यामुळे पंपाचा हुंकार ऐकू येतो. नळाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती. दांडा लांब, सावकाश ओढला की बीअर तिच्यातून चेपून येते आणि वर सायीसारखा दाट फेस धरते. उत्तरेकडे ही चकती हवीच, दक्षिणेतले लोक तिला नाकं मुरडतात. मी उत्तरेच्या बाजूचा.

थॉर्नब्रिजच्याच 'जयपूर'चं मला विशेष अप्रूप. २००५ पासूनची ही इंडिया पेल एल: नाव राजस्थानचं, हॉप्स अमेरिकेतले, कारखाना डर्बीशरमधला. कधीकाळी अशी पिंपं जहाजांतून मुंबईच्या धक्क्यावर उतरायची, तीही गोऱ्या साहेबांसाठी. आज त्याच जातीची बीअर शेजारी बसलेल्या निवृत्त पोलाद कामगाराबरोबर पिताना तो इतिहास विसरावासा वाटत नाही.

मागे एका पबमध्ये (नाव सांगत नाही) पिंटला व्हिनेगरचा वास आला. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. तिनं वाद घातला नाही. ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला, पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवली आणि दुसरी बीअर ओढून दिली. पैशांचा विषय नाही. मग ती जिना उतरून खाली गेली. वर आली ती म्हणाली, "नवं पिंप अजून बसतंय. उद्या संध्याकाळी या, तेव्हा मिळेल." बिघडली तेव्हाच बीअर थांबवायची, आणि तयार नसलेलं पिंप गिऱ्हाईक समोर उभं असतानाही जोडायचं नाही, यातच त्या पबची जात कळली. दुसऱ्या दिवशी गेलो. बीअर नितळ होती, फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला. चार गुण लिहिले.