लातूरच्या गाडीने वानखेडेला

अहमदपुरात रेल्वे नाही. म्हणून आमचा मुंबईचा सफर एस.टी.ने सुरू होतो. शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टा मोड करत साठेक किलोमीटरवर लातूर, आणि तिथून रात्रीची मुंबई गाडी. बार्शी, कुर्डुवाडी, दौंड झोपेत जातात आणि सकाळी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. अब्बा सांगतात, त्यांच्या तरुणपणी या मार्गावर बार्शी लाईटची छोटी गाडी होती. ती मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे लातूरला यायची. आताची मोठी लाईन त्याच वाटेने आली आहे.

वर्षातून एकदा, जमेल तेव्हा, आम्ही घरचे सगळे मुंबई इंडियन्सचा एक सामना बघायला जातो. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे, लेकरे, आणि हट्टाला पेटली तर दादीसुद्धा. नात्यातले लोक हसतात. एवढ्या पैशात अहमदपुरात महिन्याचा किराणा भरतो, असे एका मामूंनी तोंडावर सांगितले. हिशेब त्यांचा बरोबर आहे. म्हणूनच तर वर्षातून एकदाच जातो.

मुंबईच का, असे विचारणाऱ्याला आमच्या घरात एकच उत्तर मिळते : झहीर खान. श्रीरामपूरचा, आपल्यासारखा मराठी बोलणारा मुलगा. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. त्या स्पर्धेत शाहिद आफ्रिदीही तेवढ्यावरच थांबला, त्याच्या पुढे कोणी गेले नाही. आयपीएलमध्ये तो २००९ आणि २०१० मध्ये मुंबईकडे होता, मध्ये बंगळूरकडे गेला आणि २०१४ ला परत मुंबईत आला. तेव्हा अब्बा म्हणाले, आता जायलाच पाहिजे. शाळांना सुट्टी होती, २५ मेची तिकिटे काढली. आणि आम्ही निघण्याआधीच झहीर जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला! अब्बांनी दोन दिवस टीव्ही लावला नाही.

पण त्या रात्री राजस्थानच्या १८९ धावा मुंबईला १४.३ षटकांत गाठायच्या होत्या. नुसते जिंकून भागणार नव्हते, धावगतीचे गणित होते. कोरी अँडरसन ४४ चेंडूंत ९५ वर नाबाद. साडेचौदा षटकांना धावा बरोबरीत येऊन अडकल्या. मैदान गप्प. मग फलकावर आले की पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी चालेल. आदित्य तरेने षटकार मारला. अम्मीला क्रिकेटमधले फारसे कळत नाही, पण शेजारच्या गुजराती बाईच्या गळ्यात पडून ती रडत होती. तेव्हापासून आमचे घर मुंबईचे झाले, झहीर असो वा नसो.

वानखेडेबद्दल थोडे सांगायला हवे. चर्चगेटपासून चालत जाता येईल असे हे मैदान आहे. शेजारी ब्रेबॉर्न असताना दुसरे कशाला, तर तिकिटांच्या वाटणीवरून दोन संस्थांचे भांडण झाले आणि विदर्भातले राजकारणी शेषराव वानखेडे यांनी नवे मैदानच उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. आता तिथे सुमारे ३३ हजार माणसे बसतात. आमच्या अहमदपूर शहराचा बराच मोठा भाग मावेल, असे लेकरांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात.

२०१६ ला मात्र आम्ही गेलो नाही. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून १४४ कलम लावले. अहमदपुरात आम्ही रात्री उठून टँकरची वाट बघत होतो. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या लाईनवरून आम्ही सामन्याला जातो, तिचाच हा पुढचा तुकडा. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या असा आदेश दिला. मैदाने आणि खेळपट्ट्या राखायला सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. मुंबईने आपले घरचे सामने विशाखापट्टणमला नेले. अंतिम सामनाही मुंबईऐवजी बंगळूरला झाला.

घरात यावर खूप वाद झाला. दादी म्हणाली, "हम पानी कू तरस रे, और उनो घास कू पिला रे." अब्बांचे म्हणणे, वानखेडेचे पाणी काही लातूरच्या नळाला येणार नव्हते, सामने हलवून आपल्याला घागरभरही मिळाले नाही, विचारायचेच तर आमच्याकडच्या उसाला विचारा. ऊस किती पाणी पितो हे मराठवाड्यात कोणाला माहीत नाही? पण त्यावर कोणी बोलत नाही, कारण ऊस आपल्याच भावबंदांचा असतो. आमचे मत विचाराल तर दोघेही खरे बोलत होते. सामने हलवणे हा पाण्याचा उपाय नव्हताच. तरी शेजारी तहानलेला असताना अंगणात शिंपण करू नये, एवढी रीत न्यायालयाने राखली, असे आम्हाला वाटले. पिशवीत राहिलेले पैसे त्या उन्हाळ्यात टँकरला गेले.

नंतरही खंड पडले. २०२० ला स्पर्धाच अमिरातीत झाली. मग रमजान एप्रिलमध्ये आला. रोजे सोडून मॅचला पळायचे अम्मीला पसंत नाही, आम्हालाही नाही. २०२३ ला ईद २२ एप्रिलला झाली आणि ३० तारखेच्या रविवारी आम्ही पुन्हा वानखेडेवर होतो. दशम्या, शेंगाची चटणी आणि डब्यात ईदच्या उरलेल्या शेवया गाडीतच संपवल्या, कारण मैदानात खाण्याचे काही नेऊ देत नाहीत. मगरिब आम्ही जिन्यामागच्या मोकळ्या जागेत आळीपाळीने पढलो. मुसाफिराला इशा कस्र असते, मगरिब मात्र तीनच रकाती. एका सुरक्षारक्षकाने आमच्या चपला सांभाळल्या.

आयपीएलचा तो हजारावा सामना होता आणि रोहित शर्माचा वाढदिवसही. रोहित तीन धावांवर गेला. समोर पुन्हा राजस्थानच. त्यांच्या यशस्वी जयस्वालने ६२ चेंडूंत १२४ केल्या. हा मुलगा उत्तर प्रदेशातून येऊन आझाद मैदानावर मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत राहिला, पाणीपुरी विकली. स्टेशनवरून येताना तेच मैदान लेकरांना दाखवले होते, म्हणून त्यांनी विरोधी खेळाडूलाही टाळ्या वाजवल्या. शेवटच्या षटकात मुंबईला १७ हव्या होत्या. टिम डेव्हिडने होल्डरच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन षटकार मारले. झाले!

सामना संपता संपता साडेअकरा वाजून गेले होते आणि लातूरची गाडी तर नऊच्या सुमारासच सुटते. म्हणून एक रात्र भेंडी बाजारात खालाकडे काढावी लागते. दोन खोल्यांत चौदा माणसे, तरी ती नेहमी म्हणते, अजून दोन दिवस राहा. दुसऱ्या दिवशी लेकरांना मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशीद दाखवायची, रात्री गाडी पकडायची.

२०२५ ला ईद ३१ मार्चला आली आणि मुंबईचा वानखेडेवरचा पहिला सामना नेमका त्याच संध्याकाळी. आम्ही घरीच होतो. पाहुणे शीरखुर्मा पीत टीव्हीपुढे बसले होते, आणि अश्वनी कुमार नावाच्या नव्या पोराने कोलकात्याचे चार गडी घेतले. डावखुरा आहे, वेगवान आहे. अब्बा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हात बघा त्याचा." रमजान आता दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आहे, पुढची काही वर्षे एप्रिल-मे मोकळे आहेत. टाकीत पाणी असले म्हणजे झाले.